वदंतेतील लुप्त कर्ता

व्यावसायिक आइस हॉकीत संघ खेळाडूंची परस्परांत अदलाबदल करतात, आणि अशा व्यवहारापूर्वी बहुधा वदंता पसरते. वदंतेचे भाषिक लक्षण असे की, तिच्यात वृत्त उक्त असते, पण वक्ता अनुक्त राहतो. मराठीत हे कार्य अव्ययवत् योजलेले 'म्हणे' साधते. 'तो जाणार म्हणे' या वाक्यात म्हणणाऱ्याचा निर्देश नाही. म्हणून त्याच्यावर दायित्वही नाही. शिवाय 'जाणार' या क्रियापदाचा कर्ता खेळाडूच आहे; त्याला देणारा कोण, हे वाक्य सांगत नाही.

या दृष्टीने कॅनडातील एडमंटन ऑइलर्स संघाचे उदाहरण उद्बोधक आहे. मे १९८८ मध्ये या संघाने पाच वर्षांत चौथ्यांदा स्टॅन्ली चषक जिंकला. पाठोपाठ संघनायक वेन ग्रेट्स्की अन्यत्र जाणार, अशी कुजबुज सुरू झाली. ९ ऑगस्ट १९८८ रोजी ती खरी ठरली. आणखी दोन खेळाडूंसह त्याला लॉस एंजेलिस किंग्ज संघाकडे देण्यात आले. मोबदल्यात दोन खेळाडू, नवोदितांच्या निवडीतील पहिल्या फेरीचे तीन हक्क व दीड कोटी अमेरिकी डॉलर मिळाले.

वदंता संपली, तरी कर्त्याचा वाद उरला. 'मालक पीटर पॉकलिंग्टन यांनी त्याला विकले', 'तो विकला गेला', 'तो गेला' ही एकाच घटनेची तीन वाक्ये होत. पहिल्यात कर्ता मालक आहे. दुसऱ्यात कर्ता लोपला आहे. तिसऱ्यात कर्तृत्व खेळाडूकडे येते. मालकाने ग्रेट्स्कीच्या विनंतीचा हवाला दिला, म्हणजे वदंतेचेच वाक्य स्वीकारले. अनेक संतप्त चाहत्यांनी पहिले स्वीकारले. प्रयोगाची निवड ही अशा प्रसंगी दोषाची वाटणी ठरते.