पायाखाली क्लचच नाही, मग झटका दिला कोणी?

आमच्या मालेगावातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. रात्री गावाकडची खिडकी उघडी ठेवून झोपलात तर ट्रकचा आवाज ऐकत ऐकतच डोळा लागतो. माझ्या चौथीच्या वर्गात निम्म्या मुलांचे वडील यंत्रमागावर, आणि दोघा-तिघांचे ट्रकवर. त्यातलीच एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, गाडीला झटका बसला तर चूक ड्रायव्हरचीच असते का हो?"

झालं होतं असं. तिचे बाबा डाळिंबाचे क्रेट घेऊन मुंबईला गेले. माल उतरवला तर वरच्या थरातले क्रेट सरकून आपटलेले, फळं फुटलेली. मालक म्हणाले, "तुझा पायच जड आहे. गिअर टाकताना गाडी हिसकतोस." आणि नुकसानीचे पैसे पगारातून कापले. बाबा घरी येऊन एवढंच बोलले, "पायाखाली क्लचच नाही, तर मी झटका देणार कशानं?"

क्लच नसलेला ट्रक? मलाही नवल वाटलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की हल्लीच्या काही ट्रकमध्ये गिअर आपोआप बदलतो. ड्रायव्हरच्या पायाशी दोनच पेडल, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर.

आधी क्लच म्हणजे काय ते पाहू. इंजिन सतत फिरत असतं. चाकं कधी थांबलेली, कधी हळू, कधी जोरात. या दोघांना जोडायला आणि तोडायला मध्ये एक गोल प्लेट असते, तीच क्लचप्लेट. घरी करून बघा. वाटी उपडी ठेवा, तिच्यावर स्टीलची ताटली ठेवून गरकन फिरवा, काठाशी एक चिंचोका ठेवा. आता तळहात हळूहळू टेकवत ताटली थांबवा. चिंचोका जागेवर राहील. पुन्हा फिरवा आणि एकदम हात दाबा. चिंचोका उडाला ना? डाळिंबांचं तेच झालं. (ताटली आईला विचारून घ्या. आमच्या घरी एकीला पोचा आलाय.)

जुने ड्रायव्हर हे काम पायाने करत. 1954 साली जमशेदपूरला टाटांनी जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीसोबत ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या काळच्या गाड्यांवर शिकलेली माणसं 'डबल क्लच' मारत, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबायचा. राहुडचा घाट चढताना भरलेल्या गाडीचा गिअर चुकला की पंचाईत. चांगल्या ड्रायव्हरची परीक्षा तिथेच होई.

परदेशात मोटारींचा गिअर आपोआप बदलण्याची सोय जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1939 मध्ये तशी गाडी बाजारात आणली, त्यात तेलाच्या दाबावर काम चाले. आपल्या या ट्रकमधली तऱ्हा जरा वेगळी. गिअरबॉक्स साध्या ट्रकसारखाच, क्लचप्लेटही तशीच. फक्त ड्रायव्हरच्या हातापायाचं काम हवेच्या दाबावर चालणारे दट्टे करतात, आणि त्यांना हुकूम देतो एक छोटा कॉम्प्युटर. गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, चढ, ओझं हे सगळं बघून तो ठरवतो, आता कुठला गिअर.

मग बिघडलं कुठे? महामार्गावरच्या एका मेस्त्रींकडे मी त्या मुलीला आणि तिच्या बाबांना घेऊन गेले. मेस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "गाडीत काय काय बदललंय?"

बाबा म्हणाले, "जास्त ओझं ओढावं म्हणून मालकांनी दोन महिन्यांपूर्वी क्लचप्लेट बदलली. बाहेरची, जास्त मजबूत."

मेस्त्री हसले. तशा प्लेटवर मऊ अस्तराऐवजी सिरॅमिकचे कडक तुकडे असतात. ते टिकतात, पण धरतात ते एकदम. त्यातून कॉम्प्युटरला कोणी सांगितलंच नव्हतं, की प्लेट बदलली आहे!

हे नीट समजून घ्या. प्लेट नेमकी कुठल्या जागी धरायला लागते, ते कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. तिथपर्यंत दट्टा भरभर सोडतो आणि मग सावकाश. प्लेट झिजत जाते तसा तो आपला हिशेबही थोडा थोडा बदलतो. पण नव्या प्लेटची जाडी वेगळी, जागा वेगळी. कॉम्प्युटर जुन्याच जागेची वाट बघत भरभर येतो आणि प्लेट आधीच धरते. धाडकन! अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकला, आणि जमीन आधीच आली, तर कसा हिसका बसतो? अगदी तसाच.

टायर वेगळ्या मापाचे टाकले तरी असाच घोळ होऊ शकतो. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, आणि कॉम्प्युटर मोजतो जुन्या चाकाने. गाडीचा हिशेब चुकतो, गिअर नको तेव्हा पडतो. ट्रकचे फाळके वाढवून उंच करणं हा तर आणखी वेगळाच प्रकार. नोंदणीच्या कागदावर असलेली गाडी मनाला येईल तशी बदलायला 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने बंदी आहे.

मेस्त्रींनी लॅपटॉप जोडला आणि कॉम्प्युटरला प्लेटची नवी जागा शिकवली. गाडी जागच्या जागी फुस्स फुस्स करत होती, मुलगी कानावर हात ठेवून बघत होती. मग आम्ही चौघे मनमाड चौफुलीपर्यंत जाऊन आलो. झटका बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. "ही प्लेटच मुळात रागीट आहे," मेस्त्री म्हणाले. "कंपनीची टाका, मग बघा."

त्यांनी हे सगळं कागदावर लिहून दिलं. बाबांनी तो कागद मालकांना दाखवला. महिनाभराने कंपनीची प्लेट बसली. कापलेल्या पैशांतले निम्मे परत मिळाले, उरलेल्यांचं बोलणं अजून चालूच आहे.

मुलगी आता वर्गात ताटलीचा प्रयोग सगळ्यांना करून दाखवते. चिंचोके मात्र तिने माझ्या टेबलाच्या खणात ठेवलेत, आणि रोज मोजून बघते.