नवा संसार, जुना कारभारी

संगणकाच्या पडद्यावर जे दिसते तेच त्याचे सर्वस्व, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः लिनक्स प्रणालीत वर आपण वापरतो ते प्रोग्राम असतात आणि तळाशी असतो कर्नेल, म्हणजे गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क यांपैकी काहीही हवे असले, तरी प्रोग्रामला गाभ्याकडेच मागणी करावी लागते. गाभा हा घरचा कारभारी. कोठीच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला.

तेव्हा सारे घर नवे करावे आणि कारभारी मात्र जुनाच ठेवावा, हे चालेल काय? अशी वेळ खरोखरच येते. एखाद्या जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर जुन्या गाभ्यावरच चालतो. काही भाड्याच्या सर्व्हरांवर गाभा मालकाच्या हाती असतो.

लायनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये हा गाभा जगापुढे ठेवला. नव्या गाभ्याने जुने प्रोग्राम मोडू नयेत, हा त्याचा कटाक्ष. परंतु हे वचन एकाच दिशेचे आहे, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे. जुन्या गाभ्याला नव्या मागण्या कळतीलच, असे आश्वासन कोणीही दिलेले नाही.

उदाहरणच घेऊ. बहुतेक प्रोग्राम ज्या ग्रंथालयावर विसंबतात, त्या जीलिबसीच्या 2017 मधील 2.26 या आवृत्तीने इंटेल धर्तीच्या संगणकांवर किमान 3.2 क्रमांकाचा गाभा आवश्यक केला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 6 चा गाभा 2.6.32. त्यावर हे ग्रंथालय चढविले, तर ‘गाभा फार जुना’ एवढे सांगून साध्या आज्ञाही थांबतात. मग दुरुस्ती तरी कोणत्या हत्याराने करावी?

दुसरा धोका सुरक्षिततेचा. ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष 2007 पासून गाभ्यात होता. तो 2016 मध्ये उघडकीस आला. त्यायोगे सामान्य वापरकर्ता सर्वाधिकारी होऊ शकत असे. वरचे सारे प्रोग्राम बदलूनही ही खिंड बुजत नाही. मात्र क्रमांक जुना म्हणजे गाभा जीर्णच, असेही नव्हे. रेड हॅटने या दोषाची दुरुस्ती त्याच जुन्या गाभ्यात करून दिली होती. म्हणून वय पाहू नये. त्याची देखभाल कोणी करीत आहे काय, ते पाहावे.

तात्पर्य, आधी प्रत काढून ठेवावी, नव्या प्रणालीला किमान कोणता गाभा लागतो ते पाहावे आणि शक्य तेथे नवा गाभा बसवून जुना काही दिवस शेजारी राखावा. नवा रुसला, तर संगणक सुरू करताना जुन्याला हाक मारता येते. पण ज्याची देखभाल थांबली आहे, त्याच्या हाती किल्ल्या कायमच्या ठेवू नयेत.