माठापाशी अडलेला शब्द

माझा भाचा साडेतीन वर्षांचा असताना उपचार केंद्रातल्या टेबलाशी बसून ‘पाणी’ म्हणू लागला. घरी मात्र तहान लागली की माठापाशी उभा राहून रडे. ‘तिथे येते, मग इथे का येत नाही?’ ताईच्या या प्रश्नाने मला वाचायला लावले.

स्वमग्न मुलांबाबत हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत रिंकोव्हर आणि केगल यांनी १९७५ मध्ये दहा मुलांना एका खोलीत नवी कृती शिकवली आणि ती बाहेर, अनोळखी माणसासमोर करवून पाहिली. चौघांना ती जमली नाही. ही मुले सूचनेला नव्हे, तर शिकवणाऱ्याच्या हाताची हालचाल किंवा खोलीतले सामान अशा भलत्याच खुणेला प्रतिसाद देत होती. ती खूण बाहेर नेल्यावर कृतीही बाहेर आली.

त्याआधी, १९७३ मध्ये, ईव्हार लोव्हास आणि सहकाऱ्यांनी नोंदवले होते की उपचारानंतर संस्थेत राहायला गेलेल्या मुलांची प्रगती ओसरली. प्रशिक्षित आईवडिलांजवळ राहिलेल्यांची टिकली. लोव्हास यांच्या १९८७च्या अभ्यासात १९ पैकी ९ मुले सर्वसाधारण पहिलीत पोहोचली. गटांची विभागणी यादृच्छिक नव्हती, शिक्षेचाही वापर होता. त्यावर रास्त टीका झाली. पण आठवड्याचे ४० तास सर्वांच्या लक्षात राहिले आणि ते शिकवणे मुख्यतः घरी, आईवडिलांना सोबत घेऊन झाले, हे विसरले गेले.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. गोवा आणि रावळपिंडी येथील ६५ मुलांवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेले प्रशिक्षित कार्यकर्ते पालकांना, मुलाशी खेळतानाचे त्यांचेच चित्रीकरण दाखवत. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला, मुले स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. दोघांचे एकाच गोष्टीकडे लक्ष असण्याचा वेळ मात्र वाढला नाही. म्हणजे घर ही काही जादूची कांडी नव्हे.

पुढे ताईने घरातले स्टीलचे फुलपात्र केंद्रात नेले आणि तिथल्या बाईंना एकदा माठापाशी आणले. काही आठवड्यांनी शब्द स्वयंपाकघरात आला. एका मुलावरून सिद्धांत होत नाही, हे मला कळते. तरी उपचार सुरू करणाऱ्या पालकांना एवढेच सुचवेन : ‘किती तास?’ या प्रश्नासोबत ‘हे शिकलेले कुठे आणि कोणासमोर वापरायचे आहे?’ हेही पहिल्याच दिवशी विचारा.