ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी?

अमरावती-अकोल्याच्या कापडबाजारातली विक्री गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहणे फसवे ठरते. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. म्हणजे सणाची बरीच खरेदी ऑक्टोबरात सरकली. ही काही तेजी नव्हे. म्हणून दोन्ही महिने एकत्र मोजावेत. सोयाबीन-कपाशीचा पैसाही वऱ्हाडात त्याच सुमारास हाती येऊ लागतो. शिवाय भाववाढ वगळायला हवी: गल्ला ८ टक्क्यांनी वाढला आणि भाव ५ टक्क्यांनी चढले, तर माल जेमतेम ३ टक्केच जास्त खपला. जीएसटीचे आकडे पुरेत, असे कोणी म्हणेल. पण वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या बहुतेक माल-विक्रेत्यांना नोंदणीची सक्ती नाही. गल्लीतला छोटा कापड दुकानदार त्या हिशेबात सहसा दिसतच नाही.