वेलदोडा चघळून भागणार नाही!

हळदीकुंकवाला शेजारीण जवळ सरकून कानात काही सांगू लागली, की तुमचा हात आपसूक पदराकडे जातो का? सकाळचा चहासुद्धा कडू लागतो का? मग तुम्ही काय करता, तर डब्यातला वेलदोडा नाहीतर लवंग तोंडात टाकता आणि कामाला लागता. तासाभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

तोंडाला वास आला, की "पोट साफ नसेल" म्हणून चूर्ण घ्यायची आपल्याकडे पद्धत. पण बहुतेक वेळा वासाचं मूळ तोंडातच असतं. दातांच्या फटींत अडकलेले अन्नकण, जिभेच्या मागच्या भागावरचा पांढरट थर, सुजलेल्या हिरड्या, इथे जंतू वाढतात आणि कुजका वास सुटतो. लाळ तोंड धुऊन काढत असते. झोपेत ती कमी सुटते, म्हणून सकाळी वास जास्त. उपवासाला पाणी प्यायचं राहून गेलं, की दुपारीही तेच.

कडू चवीचं कारण मात्र पुष्कळदा जेवणाच्या वेळेत सापडतं. सगळ्यांची पानं वाढून, मागचं आवरून तुम्ही जेवता दहाला आणि पाठ टेकता सव्वादहाला! मग आम्ल वर घशाशी येतं, छातीत जळजळतं. घरच्यांबरोबरच पान वाढून घ्या. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या. जुलाबावरच्या मेट्रोनिडॅझोलसारख्या काही गोळ्यांनीही तोंड कडवट होतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दिवस गेले असतील, तरी चव बदलते.

आणि मिश्री? दात स्वच्छ होतात म्हणून ती लावणाऱ्या बायका अजूनही आहेत. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने वास जात नाही, हिरड्या मात्र खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ती सोडाच.

रोज एवढं करा: सकाळी आणि झोपताना दोन-दोन मिनिटं मऊ ब्रशने दात घासा, जीभ मागपर्यंत हलक्या हाताने साफ करा, प्रत्येक खाण्यानंतर खळखळून चूळ भरा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर दंतवैद्यांकडे जा. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असेल, तर तेवढंही थांबू नका. तोंडातला व्रण किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर लगेच दाखवा. फार तहान लागते, वारंवार लघवीला जावं लागतं? मग रक्तातली साखर तपासून घ्या.

मुलांचे दात दुखले, की तुम्ही त्याच दिवशी दवाखाना गाठता. स्वतःच्या वेळी मात्र "होईल बरं" म्हणून वर्ष काढता. बायांनो, तोंड लपवायला पदर पुरतो, पण दुखणं त्याने झाकत नाही!