भाडं थकलं, गाळा सुटेना: कुलूप लावायच्या आधी हे वाचा



गाळा विकत घ्यावा की भाड्याने, या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आला. "ताई, कर्ज काढून गाळा घेतला, भाड्याने दिला, आणि भाडेकरूने भाडंच दिलं नाही तर?"

याचं उत्तर मला पुस्तकातून द्यायची गरज नाही. माझ्याच गाळ्यात झालंय हे. त्यात माझी चूक किती आणि समोरच्याची किती, तेही आज सांगते. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी दुकानदार आहे, वकील नाही. खालचे नियम महाराष्ट्राचे आहेत. तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते बघून शेवटचा सल्ला तुमच्या वकिलाकडूनच घ्या.

माझ्या गाळ्याची गोष्ट

माझं स्वतःचं स्टेशनरीचं दुकान चांगलं चालायला लागलं, तेव्हा मागच्या रस्त्याला एक छोटा गाळा घेतला. बँकेचा हप्ता १४,२०० रुपये. हिशोब सरळ होता: ९,००० भाडं येईल, उरलेले मी माझ्या दुकानातून भरेन.

भाडेकरू मिळाला तो आईस्क्रीम पार्लरवाला. बोलायला गोड, आल्यागेल्याला "ताई, बसा ना" म्हणणारा. ३०,००० डिपॉझिट घेतलं. करार केला तो ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, ११ महिन्यांचा, नोटरी करून. रजिस्टर केला नाही. एजंट म्हणाला, "११ महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही," आणि मी मान डोलावली. बीबीए करून काय उपयोग, सांगा!

पहिला उन्हाळा झकास गेला. जुलैत पाऊस सुरू झाला, गिऱ्हाईक बंद आणि भाडंही बंद. "ताई, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो." ऑगस्टला तेच, गणपतीत तेच, दिवाळीत तेच. डिसेंबर संपला तेव्हा सहा महिन्यांचे ५४,००० थकले होते. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता कापला जात होता.

एका रविवारी रात्री माझं डोकं फिरलं. चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि सगळ्यात मोठं कुलूप मागितलं. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "एवढं मोठं कशाला?" मी सांगितलं. काकांनी कुलूप परत खोक्यात ठेवलं. म्हणाले, "ताई, हे कुलूप चारशे रुपयांचं आहे. पण त्याच्या गाळ्याला लावलंस तर लय महागात पडेल. आधी वकिलाकडे जा."

त्या काकांचे उपकार मी विसरणार नाही. का, ते आता समजून घ्या.

कुलूप का लावायचं नाही?

आपल्याला वाटतं, गाळा माझा, कागद माझ्या नावावर, मग कुलूप लावायला कुणाची परवानगी? पण मालकी वेगळी आणि ताबा वेगळा. भाड्याने दिला त्या दिवशी ताबा त्याच्याकडे गेला. तो परत घ्यायचा तर एकतर त्याने राजीखुशीने द्यायला हवा, नाहीतर कोर्टाने मिळवून द्यायला हवा. तिसरा रस्ता नाही.

तुम्ही जबरदस्तीने बाहेर काढलंत तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत कोर्टात जाऊ शकतो. तिथे मालक कोण हा प्रश्नच येत नाही. ताबा कुणाचा होता आणि तो कायद्याने काढला का, एवढंच बघतात. म्हणजे भाडं बुडवणारा आत आणि तुम्ही आरोपीसारखे बाहेर.

दुसरा धोका मालाचा. कुलूप लावलं की आतला फ्रीजर, माल, गल्ला सगळं तुमच्या ताब्यात आलं. उद्या तो म्हणाला "आत दोन लाख रोख होते," तर काय पुरावा देणार?

मग लाईट तोडू? पाणी बंद करू? तेही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूची लाईट, पाणी यांसारखी गरजेची सोय मालकाने तोडणं हा गुन्हा आहे. त्यात तुरुंगवासाची सुद्धा तरतूद आहे. भाडं थकलंय ही सबब तिथे चालत नाही.

कायदा नक्की काय म्हणतो?

वकिलांनी मला कलम १५ समजावलं. नीट वाचा, कारण बहुतेक मालकांना हे माहीतच नसतं.

एक. भाडेकरू भाडं द्यायला तयार आहे तोवर भाड्याच्या कारणावरून त्याला काढता येत नाही.

दोन. भाडं थकलं तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची. ती त्याला पोचल्यापासून ९० दिवस थांबायचं. त्याआधी थकबाकीसाठी गाळा खाली करून मागण्याचा दावा लावता येत नाही.

तीन. दावा लावला, त्याला समन्स पोचलं, तर तिथून पुन्हा ९० दिवस त्याला संधी आहे. त्या मुदतीत त्याने सगळी थकबाकी, त्यावर सरळव्याजाने १५ टक्के व्याज कोर्टात भरलं, पुढचं भाडं भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा होत नाही.

हे ऐकून मी खुर्चीतच बसले. म्हणजे केस करूनही गाळा मिळेलच असं नाही! वकील म्हणाले, "बरोबर. या कलमाचा हेतू तुम्हाला भाडं मिळावं हा आहे. त्याला रस्त्यावर आणणं हा नाही. पैसे भरणाऱ्याला कायदा सांभाळतो, न भरणाऱ्याला नाही."

दावा मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतो, पुणे-नागपूरसारख्या ठिकाणीही लघुवाद न्यायालय आहे, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. हुकूमनामा मिळाला आणि तरी तो हलला नाही, तर दरखास्त दाखल करायची. मग कोर्टाचा बेलिफ येऊन ताबा देतो. यात अपील आलं की वर्षं जातात, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. म्हणून दावा चालू असताना भाडं कोर्टात जमा करायला लावा, असा अर्ज वकिलाकडून जरूर करून घ्या. आणि थकलेल्या भाड्याच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत असते, तीही लक्षात ठेवा.

राहत्या घराचं गणित थोडं वेगळं आहे. घर लीव्ह अँड लायसन्सवर दिलं असेल आणि मुदत संपूनही माणूस निघत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे समोरच्याला हरकत घ्यायची परवानगी ३० दिवसांत मागावी लागते आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई लागू शकते. पण हा जवळचा रस्ता फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकानाच्या गाळ्याला नाही. शेजाऱ्याचा फ्लॅट लवकर सुटला म्हणून तुमचा गाळा तसाच सुटेल असं धरून चालू नका.

माझी खरी चूक

वकिलांनी करार मागितला. मी तो नोटरीचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हा रजिस्टर कुठे आहे?"

मंडळी, हा मुद्दा वहीत लिहून ठेवा. महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि रजिस्टरच हवा. ११ महिने असो की ५ वर्षं. आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नाही केला तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे आपण सिद्ध करेपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे उद्या तो कोर्टात म्हणाला असता, "भाडं ९,००० नाही, ४,००० ठरलं होतं," तर धावपळ माझी झाली असती. नशीब, जूनपर्यंतचं भाडं त्याने दर महिन्याला बँकेतून पाठवलं होतं. त्या नोंदींनी मला वाचवलं.

दुसरी चूक याहून मोठी. मी सहा महिने फक्त फोन केले. एकही ओळ लेखी दिली नाही. कायद्याचे ९० दिवस नोटीस पोचल्यापासून मोजतात, तुमच्या पहिल्या फोनपासून नाही. ऑगस्टमध्ये दुसरं भाडं थकलं तेव्हाच नोटीस दिली असती, तर दिवाळीच्या सुमारास ते ९० दिवस संपलेही असते. आपण म्हणतो कोर्टात उशीर होतो. खरंय. पण पहिला सहा महिन्यांचा उशीर कोर्टाने नव्हता केला, मी केला होता. भिडस्तपणाला आपण माणुसकी म्हणतो आणि हप्ता मात्र आपल्याच खात्यातून जातो.

शेवटी काय झालं?

नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. ८ जानेवारीला त्याला पोचली, पोचपावती आली. तीन दिवसांनी तो दुकानात आला. चिडला नव्हता, घाबरला होता. पहिल्यांदा खरं बोलला. फ्रीजरचे हप्ते होते, दूधवाल्याची उधारी होती. पार्लर चालत नव्हतं आणि बंद करायची लाज वाटत होती. "ताई, बंद केलं तर घरी काय सांगू?"

मला राग होता, पण ते वाक्य लागलं. आपल्यातला कुणीही त्या खुर्चीत असू शकतो. मी वकिलांसमोर बसून सरळ सौदा केला. मार्चअखेर त्याने गाळा खाली करायचा. जुलै ते मार्च, नऊ महिन्यांचे ८१,००० झाले. त्यातून डिपॉझिटचे ३०,००० वळते, राहिले ५१,०००. त्याने २५,००० दोन हप्त्यांत द्यायचे, लाईटबिल भरायचं, उरलेले २६,००० मी सोडले. सगळं लेखी, दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या.

३१ मार्चला त्याने चावी दिली. ताबा पावती केली, रिकाम्या गाळ्याचे फोटो काढले. नोटिशीचे ९० दिवस संपायला अजून आठवडा होता. २६,००० गेले ते गेले. पण वर्षानुवर्षं तारखांना गेले असते तर त्याहून जास्त गेले असते, आणि गाळाही अडकला असता.

तुम्ही काय करायचं?

१. करार रजिस्टर करा. लीव्ह अँड लायसन्सचं रजिस्ट्रेशन आता ऑनलाइनही होतं. एजंटच्या "लागत नाही"वर जाऊ नका.

२. डिपॉझिट ठरवताना ९० दिवस डोळ्यासमोर ठेवा. नोटिशीतच तीन महिने जातात. निदान सहा महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट मागा.

३. भाडं बँकेतूनच घ्या. रोख घेतलंत तर पावती द्या. पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे.

४. पहिला महिना चुकला तर फोन आणि व्हॉट्सॲपवर लेखी आठवण. दुसरा चुकला तर वकिलाची नोटीस. तिसऱ्याची वाट बघू नका.

५. नोटिशीनंतर त्याने पैसे दिले तर ते कसे स्वीकारायचे हे आधी वकिलाला विचारा. परस्पर नाकारू नका.

६. खाली करताना ताबा पावती, मीटर रीडिंग, फोटो. तोंडी काही नाही.

७. कुलूप, लाईट, पाणी, दमदाटी यातलं काहीही नाही.

आणि तुमच्यातले जे भाड्याच्या गाळ्यात धंदा करतात त्यांनाही सांगते. हाच कायदा तुमचा आहे. भाडं वेळेवर बँकेतून द्या, नोंद ठेवा. मालक मुद्दाम घेत नसेल तर मनीऑर्डर करून पुरावा ठेवा. धंदा बसला असेल तर मालकाला पहिल्याच महिन्यात सांगा. सहाव्या महिन्यात सांगितलेल्या खऱ्या अडचणीलाही बहाण्याचा वास येतो.

माझ्या गाळ्यात आता एक शिवणकाम करणारी मुलगी आहे. करार रजिस्टर आहे. मागच्या महिन्यात तिने ३ तारखेला मेसेज केला, "ताई, यावेळी १० तारखेला देते, चालेल का?" मी लिहिलं, "चालेल. सांगितलंस हे बरं केलंस."

तुमचा करार रजिस्टर आहे का? आज घरी गेल्यावर कपाटातून काढून बघा आणि मला कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.