पहाटे मासे का मरतात? तळ्याच्या पाण्याची राखण



शेततळ्यात मासे पाळणाऱ्या घरावर एखाद्या सकाळी मोठा घाला येतो. आदल्या संध्याकाळी खाद्य टाकले तेव्हा मासे उड्या मारीत होते. उजाडताच पाहावे तो कडेला पांढरी पोटे वर करून पडलेल्या माशांचा खच! बोटुकलीचे पैसे, पेंडीचे पैसे, आठ-दहा महिन्यांची मेहनत, सारे एका रात्रीत बुडालेले. गावात लगेच बोलले जाते, "कोणीतरी विष टाकले." मग ज्याच्याशी बांधावरून कुरबुर आहे त्याच्याकडे बोट जाते. मासे तर गेलेलेच असतात, वर दोन घरांचे बोलणेही तुटते.

पुष्कळदा तेथे विष नसते आणि वैरीही नसतो. मासे गुदमरून मेलेले असतात. पाणी बिघडल्याची चिन्हे आठ-पंधरा दिवस आधीपासून दिसत असतात, पण आपले लक्ष माशाकडे असते, पाण्याकडे नसते. गाय राखणारा चारा पाहतो. मासा राखणाऱ्याने आधी पाणी पाहावे. मासा ज्या पाण्यात खातो, त्याच पाण्यात श्वास घेतो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्याला दुसरीकडे जायला जागा नाही.

पाण्यातला प्राणवायू

आपण घेतो त्या हवेत सुमारे पाचवा हिस्सा प्राणवायू असतो. पाण्यात तो फारच थोडा विरघळतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम, आणि ३० अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे उन्हाळ्यात मासा मोठा झालेला असतो, त्याला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमके तेव्हाच पाणी कमी प्राणवायू धरते. कटला, रोहू, मृगळ यांना लिटरमागे ५ मिलिग्रॅम तरी हवा. तो ३ च्या खाली गेला की मासा खाणे सोडतो. १ च्याही खाली उतरला की मरू लागतो.

तळ्याच्या हिरव्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक शेवाळ असते. दिवसा उन्हात ते प्राणवायू तयार करते. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ, तिघेही प्राणवायू खर्च करतात. म्हणून सूर्योदयाच्या आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. श्रावणात झड लागून तीन-चार दिवस ऊन पडले नाही, तर दिवसाची कमाई बंद आणि रात्रीचा खर्च चालूच. अशाच पहाटे घात होतो. उन्हाळ्याच्या शेवटी पहिला जोराचा पाऊस पडतो तेव्हाही सावध राहावे. पावसाचे थंड पाणी खाली बसते आणि तळाचे सडके पाणी वर येते.

विष की गुदमरणे?

कोणावर आळ घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

१) वेळ : गुदमरलेले मासे पहाटे मरतात. विषाला वेळकाळ नाही, ते भर दुपारीही मारते.

२) आकार : प्राणवायू कमी पडला तर मोठे मासे आधी मरतात, लहान मासे वर तोंड काढून धापा टाकीत तग धरतात. विषाने बहुधा लहान मासे आधी जातात किंवा सगळे एकदम जातात.

३) जात : मरळ आणि मांगूर हे मासे पाण्यावर येऊन हवा घेतात. कटला-रोहू मेले आणि मरळ जिवंत, तर प्राणवायू संपला असे समजावे.

४) इतर जीव : कीटकनाशक तळ्यात गेले असेल तर पाणकिडे आणि कोळंब्याही मेलेल्या सापडतात.

तरीही शंका राहिली तर स्वच्छ बाटलीत पाणी आणि नुकताच मेलेला मासा बर्फात घालून मत्स्य विभागाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावा. सडलेल्या माशाचा तपासणीला उपयोग नाही. अहवाल येईपर्यंत कोणाचे नाव घेऊ नये.

पाण्याचा रंग वाचा

पाण्याचा हिरवेपणा मोजण्याचे एक सोपे साधन आहे. ते एका कॅथलिक धर्मगुरूच्या नावाने जगभर वापरले जाते. फादर आंजेलो सेक्की हे इटलीतील येशूसंघीय धर्मगुरू आणि मोठे खगोलशास्त्रज्ञ. १८६५ साली पोपमहोदयांच्या आरमाराच्या जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते मोजले. त्या जहाजाचे नाव निष्कलंक गर्भसंभवाच्या नावावरून ठेवलेले होते. आज शास्त्रज्ञ सरोवरे मोजतात ती सेक्की तबकडी हीच.

ही तबकडी घरी करता येते. २० सेंटिमीटर व्यासाचा पत्रा गोल कापावा. त्याचे चार भाग करून आळीपाळीने काळे व पांढरे रंगवावेत. मध्ये भोक पाडून दोरी ओवावी, खाली वजन बांधावे आणि दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारावी. दुपारच्या सुमारास तबकडी पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी झाली की गाठी मोजाव्यात.

* ३० ते ४० सेंटिमीटर : पाणी उत्तम. काही करू नये.
* २० च्या आत : शेवाळ माजले आहे. शेण बंद, खाद्य निम्मे, थोडे पाणी बदलावे.
* ६० च्या पुढे : पाण्यात माशांसाठी नैसर्गिक अन्न नाही. थोडे शेणखत घालावे.

तबकडी नसेल तर हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा. कोपर बुडण्याच्या बरेच आधी तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार दाट झाले आहे. मात्र पाणी मातीने गढूळ असेल तर या मोजणीवरून शेवाळ कळत नाही.

फिकट हिरवा किंवा तपकिरी झाक असलेला हिरवा रंग चांगला. पाण्यावर रंग सांडल्यासारखी गडद हिरवी साय धरली तर ते निळे-हिरवे शेवाळ असते. वाऱ्याने ते एका कडेला जमते. तेथून कापडाने ओढून काढावे. अशा पाण्यावर गुरे नेऊ नयेत आणि मुलांना पोहू देऊ नये, कारण त्यातील काही जाती विषारी असतात.

न दिसणारी घाण

माशाच्या अंगातली बरीच घाण कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात उतरते. खाल्ले न गेलेले खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. शेतात युरिया टाकल्यावर जमिनीतले जीवाणू त्याचे शेवटी नायट्रेट करतात. त्याच कुळातले जीवाणू तळ्याच्या गाळात, दगडांवर आणि भिंतींवर राहून अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशाला घातक, नायट्रेट बरेच सौम्य. तळ्याचा हा सफाई-कामगार न दिसणारा, पण त्याच्यावाचून तळे चालत नाही.

घरात काचेच्या पेटीत रंगीत मासे ठेवणाऱ्यांना हा अनुभव येतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि तरीही पहिल्या महिन्यात मासे मरतात, कारण जीवाणूंना वस्ती करायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीत सुरुवातीला दोन-तीनच मासे ठेवावेत. गाळणीचा स्पंज नळाच्या पाण्यात धुऊ नये, क्लोरीनने जीवाणू मरतात. तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे.

प्लास्टिक अंथरलेले शेततळे हे अशाच पेटीचे मोठे रूप आहे. त्यात माती नाही, म्हणून जीवाणूंना आसरा कमी आणि घाण तळाशी साचते. तेथे आठवड्याला सुमारे दहावा हिस्सा पाणी बदलावे. काढायचे पाणी वरचे नव्हे, तळाचे. पाईप तळाशी सोडून ते पिकाला द्यावे. त्यातले खत फुकट मिळते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरताना ते दगडांवरून पडू द्यावे, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. गोव्याच्या खाजन जमिनीत मानशीच्या दारांतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर होते. तेथे ही अदलाबदल समुद्र करतो. बेळगावकडच्या किंवा घाटावरच्या तळ्यात ती आपणच करायची.

आणखी एक गोष्ट. सामू ७ असेल तर अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. सामू ९ झाला की तिसऱ्या हिश्शाहून अधिक विषारी होतो. शेवाळ माजलेल्या तळ्यात दुपारी सामू ९ पर्यंत चढतो. म्हणजे फार हिरवे पाणी दुपारी अमोनियाने छळते आणि पहाटे श्वास कोंडते. सामू-कागद स्वस्त मिळतो. आठवड्यातून एकदा सकाळी व दुपारी पाहावा. ७ ते ८.५ मध्ये असावा.

चुना, शेण, खाद्य

पाच गुंठ्यांच्या मातीच्या तळ्याचा हिशेब देतो. बोटुकली सोडण्यापूर्वी १२ ते २५ किलो चुना पसरावा. माती आम्ल असेल तर जास्त. मग १०० ते २५० किलो शेण घालून पंधरा दिवस थांबावे. बोटुकली २५० ते ५०० च सोडावी. "थोडी जास्त सोडू, काही मेली तरी चालतील" हा हिशेब खोटा आहे. मेलेल्यांबरोबर जिवंतही जातात.

मासे तळ्यात असताना चुना द्यायचा तर विरवून, थंड करून द्यावा. सामू ८.५ च्या वर असेल तर चुना देऊ नये, त्याने अमोनियाचे विष वाढते.

भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग द्यावा. माशांच्या वजनाच्या शेकडा २ पुरे. ४०० मासे सरासरी ३०० ग्रॅमचे असतील तर वजन १२० किलो, खाद्य रोज २ किलो ४०० ग्रॅम. ते परडीत ठेवून सोडावे. दोन तासांनी परडीत उरले तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. उरलेली पेंड माशाला पोसत नाही, पाण्याला सडवते. आभाळ भरलेले असेल त्या दिवशी खाद्य निम्मे किंवा बंद.

मासे वर तोंड काढू लागले तर

पहाटे मासे पृष्ठावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर वेळ घालवू नये.

१) खाद्य आणि शेण ताबडतोब बंद.
२) पंप लावून तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे पाडावे. ताजे पाणी असेल तर तेही असेच सोडावे.
३) पंप नसेल तर बांबूने, पाटीने पाणी जोराने बडवावे. तळाचा गाळ मात्र ढवळू नये.
४) ऊन चांगले वर येईपर्यंत हे चालू ठेवावे आणि पुढच्या दोन-तीन पहाटे पहारा द्यावा.
५) मासे विक्रीच्या वजनाचे झाले असतील तर काही काढून विकावेत. गर्दी कमी झाली की उरलेले वाचतात.

फवारणीचा पंप तळ्यापासून दूर

सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक आहेत. फवारणीचा पंप किंवा औषधाचे डबे तळ्यात धुऊ नयेत. तळ्याच्या वरच्या अंगाला बांध घालून शेतातले वाहते पाणी बाजूला काढावे. वारा तळ्याकडे असेल तेव्हा फवारू नये. जे तळ्यात जाते ते माशात जाते आणि मासा आपल्याच ताटात येतो. शेजाऱ्याचे तळे खालच्या अंगाला असेल तर ही काळजी त्याच्यासाठीही घ्यावी. तेथे जाणता-अजाणता "विष टाकणारे" आपण ठरू नये.

मासे काढून झाले की मातीचे तळे उन्हात भेगा पडेपर्यंत वाळवावे. काळा गाळ खरवडून शेतात टाकावा. तळ्यातला तो सर्वांत मोठा प्राणवायूचा खाऊ असतो आणि शेतात तेच उत्तम खत होते.

लक्षात ठेवावे

रोज उजाडताना तळ्यावर एक फेरी. मासे वर आहेत का, पाण्याचा रंग काय, वास येतो का, काल खाद्य उरले का, या चार गोष्टी एका वहीत लिहाव्यात. आठवड्याला तबकडी आणि सामू. दहा मिनिटांचे काम आहे, घरातले शाळकरी मूलही करू शकते. वही ठेवणाऱ्याला पाणी आठ दिवस आधी सांगते की काय बिघडत आहे.